पाणी डाव्या हाताला

सांगलीत कुणालाही वाट विचारायची नाही असं हंबीररावांनी ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं.

तसा दोष त्यांचा नव्हता. दोष बटाव्हियाचा. जपानशी लढाई संपली तशी त्यांची पलटण जावा बेटावर उतरली आणि डच लोकांनी बांधलेलं ते कालव्यांचं शहर हवालदारसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी एकट्यानं पायी पाहिलं. म्हसवडकडच्या ज्या गावात घागरभर पाण्यावरनं डोकी फुटतात, तिथल्या माणसानं गल्लीगल्लीतनं वाहणारं पाणी बघितल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर कसं राहणार? घरी आल्यापासून रोज तेच. रस्त्याच्या जागी कालवा, गाडीच्या जागी नाव, आणि नाव आली की लाकडी पूल दोरखंडानं वर उचलायचा. "पाणी डाव्या हाताला ठेवायचं आन् चालायचं," हे तर बायकोला, बनुबाईला, झोपेतही पाठ झालं होतं. (नवरा परदेशातनं शहाणा होऊन येतो असं ज्या म्हणतात, त्यांचा अजून तिकडंच असावा.)

लेकीची, विजयमालाची, सोयरीक सांगलीच्या भाऊसोंच्या घरी जुळत आली होती. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. भाऊसोंचा निरोप होता, मोटारीतनं उतरून कुणालाही विचारा, घर दाखवील. पण जेवणवेळेला पोचा, कारण दुपारनंतर विट्याचे पाहुणे त्यांच्या मुलीसाठी भाऊसोंच्याच मुलाचं बोलायला येणार आहेत.

बनुबाई डोईवर लाडवांची पाटी घेऊन स्टँडवर उतरली आणि पानाच्या दुकानाकडं निघाली, तर हंबीररावांनी छडी आडवी धरली. पलटणीचा माणूस वाट विचारत नसतो. घराजवळ पाणी आहे असं भाऊसो मागं बोलले होते, तेवढं त्यांना पुरे होतं.

कृष्णा सापडली. पाणी डाव्या हाताला. घाट गेला, धुणं धुणाऱ्या बाया मागं पडल्या, मळे लागले. पुढं एक ओढा आडवा आला, तेव्हा हंबीरराव त्याच्या काठानं वळले.

"आवं, ही नदी न्हाई," बनुबाई म्हणाली.

"कालव्याला फाटं असत्यात. तुला काय ठावं?"

ओढ्याचा नाला झाला, नाल्याचं गटार झालं. हळदीच्या वखारींमागं सांडलेल्या भुकटीतनं चालून बनुबाईचे पाय पिवळे झाले, वहाणेचा अंगठा तुटला. हंबीरराव डच कौलांचं वर्णन करत पुढं. गटारावर एक फळी दिसली. डचांचा पूल कसा असतो ते दाखवायला ते तिच्या टोकावर उभे राहिले. फळीचं दुसरं टोक वर उचललं, अगदी बटाव्हियातल्यासारखं, आणि हवालदारसाहेब गुडघाभर गटारात गेले.

शेवटी गटाराची धार झाली. ती एका हॉटेलाच्या मागं कपबश्या धुवायच्या पिंपाशी संपली. वळसा घालून पुढं आले, तर समोर मोटार स्टँड.

"निघालो तितंच आलो," हंबीरराव म्हणाले. "बटाव्हियात बी आसंच व्हायचं." आवाजात थोडा अभिमानच होता.

बनुबाईनं पाटी सावरली. सरळ पानवाल्याला जाऊन विचारलं. त्यानं तोंडात पान असल्यामुळं नुसती हनुवटी वर केली. घर समोरच होतं. दारात नळ, कट्ट्यावर भाऊसो. त्यांनी सकाळी दोघांना उतरताना पाहिलं होतं, हाकही मारली होती. नदीवर पाय धुवायला चाललेत म्हणून गप्प बसले, पण पाहुणे एवढा वेळ काय धुतायत ते त्यांना कळेना.

आत जाजमावर विट्याचे पाहुणे बसले होते. भाऊसोंच्या बायकोनं, शालूबाईंनी, दारात आलेल्या हंबीररावांचे काळे पाय पाहिले आणि चहाची कपबशी विट्याच्या पाहुण्यांपुढं सरकवली. सोयरीक गेली, हे बनुबाईला तिथंच कळलं. तिनं पाटी खाली ठेवली.

"वैनी, लेक माझ्यावर गेलीया. बापावर न्हाई."

शालूबाईंनी आता तिचे पाय पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"आवं, यांना तर हळद लागलीया," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता कसं परत धाडायचं?"

विट्याचे पाहुणे चहा पिऊन उठले. सुपारी फुटली. निरोप घेताना हंबीररावांनी छाती काढून सांगितलं, वऱ्हाडाला वाट दाखवायला मी स्वतः येतो.

भाऊसोंनी हात जोडले.

"नगं, हवालदारसाहेब. आमी आपलं इचारत इचारत येतो."