थोरल्यांचे सात श्वास

‘निअँडरथल : दैनंदिन जीवन आणि अध्यात्म’ हे वस्तुसंग्रहालयाचं नवं दालन एक फलक सोडला तर सर्वार्थाने सज्ज होतं. गुहा होती, गुहेत लाल बल्बची शेकोटी होती, शेकोटीपाशी उकिडवे बसलेले प्लास्टरचे चार जण होते. अध्यात्माचा फलक मात्र कोरा होता, कारण नियम चौदा. माहितीच्या कागदाखाली जबाबदार माणसाची सही किंवा अंगठा असल्याशिवाय फलकावर एक अक्षर लिहायचं नाही, असं हा नियम सांगत असे. निअँडरथलांच्या अध्यात्माखाली सही करायला एकही प्राध्यापक धजेना. हाडं सापडतात, श्रद्धा सापडत नाही, असं लेखी कळवून सगळे मोकळे झाले होते.

हा कोरा फलक आमच्या फलकलेखकाच्या मुळावर आला होता. बिचारा एकोणीस वर्षं हंगामी होता. तेवढ्या काळात तीन अधीक्षक निवृत्त झाले, याचा हंगाम काही संपेना. सोमवारी उद्घाटन आहे, फलक लागला की तुला कायम करतो, असं चौथ्या अधीक्षकांनी कबूल केलं होतं. कायम होणं म्हणजे काय, हे कायम असलेल्यांना कळायचं नाही. लिफ्ट फक्त त्यांच्यासाठी होती. अधीक्षक बसत सातव्या मजल्यावर. गुडघे धरून, दर मजल्याला एकदा थांबून, श्वास घेत घेत हा वर पोचला, की अधीक्षक म्हणत, अरे, ती फाईल खालीच राहिली.

घरी हा विषय निघाला तेव्हा बायको म्हणाली, आक्काला विचारा की. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. शिवणकाम करायची. गेल्या वर्षापासून दुपारी मशीन थांबवून तिने डोळे मिटले, की तिच्या तोंडून एक निअँडरथल बोलू लागे. गिऱ्हाइकं त्यांना थोरले म्हणत, कारण वयाने त्यांच्याहून मोठं दुकानात कोणी नसायचं. आक्काची तक्रार एवढीच, की येण्याआधी ते तिच्या तोंडात टाचण्या आहेत का ते बघत नाहीत.

थोरले आले ते घोगऱ्या आवाजात. फलकलेखकाने विचारलं, तुमचा दिवस कसा जायचा? उठायचं, दगड फोडायचे, खायला शोधायचं, सापडलं तर खायचं. आणि अध्यात्म? थोरल्यांना शब्दच कळेना. फलकलेखकाने घाम गाळून समजावलं, तेव्हा ते जरा विचारात पडले.

"तसं काही नव्हतं बाबा. एका म्हाताऱ्याचे दात पडले होते. त्याला आम्ही मांस चावून द्यायचो."

"का?"

"दात पडले होते म्हणून."

अधीक्षकांनी हे लिहिलेला कागद वाचला आणि परत केला. हा आहार झाला. आहार दैनंदिन जीवनात मोडतो आणि तो फलक लागलेला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत अध्यात्म आणा.

फलकलेखक पायऱ्या उतरला आणि जे ठाऊक होतं ते त्याने लिहून काढलं. ‘निअँडरथल मानव रोज पहाटे टेकडी चढे. वाटेत सात थांबे, प्रत्येक थांब्यावर एक दीर्घ श्वास. सातव्या श्वासाला अहंकार गळून पडतो.’ हे शेवटचं वाक्य तर अनुभवाचं होतं. सातव्या मजल्यावर पोचल्यावर त्याच्यात अहंकार काय, काहीच उरत नसे.

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे आम्ही कधी केलं?

"नाही केलंत. पण माझी नोकरी यावर आहे."

"म्हणजे तुझे दात पडलेत," थोरले म्हणाले, आणि त्यांनी आक्काचा अंगठा पुढे केला.

फलक लागला आणि लोकांनी दालन अक्षरशः डोक्यावर घेतलं. महिन्याभरात सात श्वासांचे वर्ग निघाले. प्रवेश, प्रवीण आणि गुहास्थ अशा परीक्षा निघाल्या. जोडपी एकमेकांशी भांडताना चौथ्या श्वासाला थांबू लागली. खुद्द अधीक्षक गळ्यात गारगोटी बांधून फिरायला लागले.

मग कायम करण्याची फाईल उघडली. जागा एकच, आणि ती ज्येष्ठतेने द्यायची. फलकलेखकाचा अनुभव एकोणीस वर्षं. माहिती देणाऱ्याचा, त्याच फाईलमधल्या कागदानुसार, त्रेचाळीस हजार. थोरल्यांचं निवृत्तीचं वय उलटलंय, असा आक्षेप निघाला; पण साठावं वर्ष नोकरीत असताना पूर्ण व्हावं लागे, आणि थोरल्यांनी ते आधीच उरकलं होतं. थोरले कायम झाले. आक्का शिलाई मशीन घेऊन दहा ते पाच कार्यालयात बसू लागली आणि लिफ्टने वर जाऊ लागली. फलकलेखक मस्टर घेऊन मागून पायऱ्यांनी. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

थोरल्यांनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवलं. तुझी नोकरी व्हावी म्हणून अंगठा दिला होता. ती तर झाली नाही. मग खोटं कशाला ठेवायचं? त्यांनी अंगठा मागे घेतला आणि नियम चौदाप्रमाणे फलक बदलावा लागला. नवा फलक एका ओळीचा होता. ‘दात पडलेल्याला चावून द्यायचो.’

झालं! निअँडरथलांच्या भावना दुखावल्या म्हणून मोर्चा निघाला. दर सात पावलांवर श्वास घ्यायला थांबल्यामुळे तो तिसऱ्या दिवशी पोचला. ताबडतोब समिती नेमली गेली. समितीवरचे पाचही जण गुहास्थ उत्तीर्ण. त्यांनी थोरल्यांना विचारलं, चौथ्या श्वासाला काय घडतं?

"धाप लागते," थोरले म्हणाले.

शून्य गुण. सदर इसमास निअँडरथल अध्यात्माचा गंधही नसून तो निअँडरथल असणे शक्य नाही, असा निकाल लागला आणि थोरले बडतर्फ झाले. जागा रिकामी झाली. जुना फलक परत लावशील तर ती तुझी, असं अधीक्षक फलकलेखकाला म्हणाले. तो कागद घेऊन आक्काकडे गेला, तेव्हा त्याला मान वर करवेना.

"आण इकडे," थोरले म्हणाले. "तुझे दात अजून पडलेलेच आहेत." अंगठा देऊन ते गेले, ते गेलेच. आता आक्का दुपारी डोळे मिटते, पण तिला नुसती झोप लागते.

फलकलेखकाने जुना फलक स्वतःच्या हाताने ठोकला, कायम झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टपाशी गेला. दाराला साखळी होती. श्वासांचं पावित्र्य राखण्यासाठी लिफ्ट कायमची बंद केली होती. तशी पाटी रंगवायचं काम त्याच्याकडेच आलं.

परवा तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे मटकन खाली बसले. मागे सात श्वास घेत चढणाऱ्यांची रांग होती, पण हात कुणी दिला नाही; सगळे डोळे मिटून त्यांच्याबरोबर श्वास घेत होते. अहो, हे सगळं मीच लिहिलंय, असं फलकलेखक कळवळून सांगायला लागला, तर लोकांनी ओठांवर बोट ठेवलं. वाचकहो, हसू नका. खोटं कशाला बोलता, मघापासून तुम्हीही मोजताय. कितवा चाललाय?