एक रबर कमी

गाडीचा तापमानाचा काटा पहिल्यांदा तांबड्या रेषेला टेकला, तेव्हा भिंगरी मागच्या सीटवर गाढ झोपली होती. तिच्या आईची झोप मात्र त्या क्षणापासून उडाली. त्यानंतर रोजच तसं व्हायला लागलं. घरून निघून जरा अंतर गेलं, की काटा चढू लागायचा आणि बाजूला थांबून गाडी गार होऊ दिल्याशिवाय खाली यायचं नाव घ्यायचा नाही.

"भिंगरीला बरं नसताना गाडी अशी रस्त्यात बसली तर?" तिने नवऱ्याला विचारलं.

"भिंगरीला काय झालंय?"

"काही नाही. पण होईल ना कधीतरी!"

भिंगरीचा बाबा विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांच्या आगी, अपघात आणि पूर कागदावर बघून बघून त्याचं मन इतकं निबर झालं होतं, की घरातल्या कुठल्याही काळजीवर तो "बघू" एवढंच म्हणायचा. पण या वेळी त्याने खरोखरच बघितलं. आठवडाभर तो मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघत बसला आणि एका संध्याकाळी जेवता जेवता त्याने निदान जाहीर केलं.

"थर्मोस्टॅट. अडकलाय."

"म्हणजे काय रे?" आजीने विचारलं. आजी म्हणजे त्याची आई.

"झडप असते गं एक. इंजिन गार असलं की मिटलेली, तापलं की उघडते आणि पाणी फिरू देते. आपली उघडतच नाहीये. दोन बोल्ट आणि एक नळी, एवढं काम. घरीच करतो मी."

"गॅरेजमध्ये दे ना सरळ," भिंगरीची आई म्हणाली.

"तो चार दिवस गाडी ठेवून घेईल."

चार दिवस दारात गाडी नाही, ही कल्पना तिला सोसवेना. तिने मान डोलावली. पुढे जे काही झालं त्याला ही मान जबाबदार होती, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, बाबाने बॉनेट उघडलं. त्याच्या व्यवस्थितपणाला तोड नव्हती. शेजारी जुनी चादर अंथरून तिच्यावर त्याने बर्फाचा ट्रे ठेवला होता. निघेल तो बोल्ट आपापल्या खणात जाणार आणि त्याच क्रमाने परत लागणार.

"रेडिएटरच्या वरच्या बाजूने जाडी नळी निघते," तो कुणाला सांगत होता ते कळत नव्हतं, कारण ऐकायला फक्त भिंगरी होती आणि तीही आईच्या कडेवर. "ही धरून जायचं. ही जिथे इंजिनला भेटते, तिथे थर्मोस्टॅट."

व्हिडिओतली नळी वीतभर गेली होती आणि वरच भेटली होती. यांची नळी एअर फिल्टरच्या खालून, बॅटरीच्या मागून, नको त्या नातेवाइकाला टाळल्यासारखी वळणं घेत खाली कुठेतरी गडप झाली होती. त्यामुळे आधी एअर फिल्टर निघाला, मग बॅटरी निघाली, मग बाबाचा शर्ट निघाला. चादर भरली. ट्रेचे खण संपले, तेव्हा आजीची मसाल्याची रिकामी डबी मागवण्यात आली.

भिंगरीच्या आईचं या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. तिचं लक्ष होतं बादलीकडे. नळी सोडवली तेव्हा हिरवंगार कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भळभळा बादलीत आलं होतं, आणि ते विषारी असतं, वर चवीला गोड असतं, हे तिने आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. भिंगरी नुकतीच रांगायला लागली होती आणि दिसेल ती वस्तू आधी तोंडात घालून मग ती काय आहे ते ठरवायची. त्यामुळे आईला एक सवयच लागली होती. फरशीवर जे दिसेल ते, टोपण असो, चिमटा असो, बटण असो, आधी उचलायचं आणि विचार नंतर करायचा.

इकडे बाबा जुना थर्मोस्टॅट एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरला. जुन्याभोवतीच्या रबराच्या रिंगचे काढताना तुकडे झाले होते. नव्याबरोबर नवी काळी रिंग आली होती.

"नवा बसवण्याआधी उकळत्या पाण्यात तपासायचा असतो," असं म्हणत त्याने पातेलं गॅसवर ठेवलं, तेलकट काळ्या हातांनी रिंग काढून ओट्यावर ठेवली आणि दोरा बांधून थर्मोस्टॅट पाण्यात सोडला.

"अरे, ते दुधाचं पातेलं आहे!" आजी किंचाळली.

"आता थर्मोस्टॅटचं झालं."

पाणी उकळायला लागलं आणि ती पितळी झडप खरोखरच हळूच उघडली. आजी पातेल्याचं दुःख विसरून बघत राहिली. बाबाच्या चेहऱ्यावर तर असं तेज आलं, जणू ती झडप त्यानेच शोधून काढली होती.

"बघितलंस? बघितलंस?" तो बायकोला म्हणाला.

बायको बघत नव्हती. झाकण घट्ट लावलेली बादली एका हातात आणि भिंगरी दुसऱ्या हातात, अशी ती स्वयंपाकघरात आली होती. भिंगरीने आईचे केस मुठीत धरून लगाम खेचावा तसे खेचले होते. आईने बादली टेकवली, ओट्याच्या पायथ्याशी पडलेलं काहीबाही सवयीने उचललं, भिंगरीची लाळ बोटाने पुसली, केस सोडवून घाईघाईने वर बांधले, लेकीला आजीकडे दिलं आणि स्टुलावर चढून बादली पार कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवली. मग तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

तो निःश्वास जेमतेम संपला होता, तोच बाबाचा आवाज आला.

"इथली रिंग कुणी घेतली?"

कुणीच घेतली नव्हती. ओट्यावर नव्हती, ओट्याखाली नव्हती. चादरीवर नव्हती, बर्फाच्या ट्रेमध्ये नव्हती. मसाल्याच्या डबीत नव्हती. कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी झाली. आजीने पिठाचा डबासुद्धा चाळला. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

"जाईल कुठे? एवढी मोठी वस्तू!" बाबा म्हणाला.

मग तिघांचीही नजर एकाच वेळी भिंगरीकडे वळली.

भिंगरी गप्प बसली होती. मुळात हेच भयंकर होतं. आईने तिला उचलून उजेडात धरलं. भिंगरीच्या हनुवटीवर काळा डाग होता. चकचकीत, तेलकट, नुकताच लागलेला.

"गिळलं हिने!"

"काहीतरीच काय! बांगडीएवढं रबर कसं गिळेल ती?" बाबा म्हणाला. पण त्याचा आवाज विमा कंपनीतला नव्हता.

"मऊ असतं ते! दुमडतं! थांब, केळं देऊन बघते. खाल्लं तर घसा मोकळा."

भिंगरीने केळ्याकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटून मान फिरवली. केळं! जे बघून ती एरवी आनंदाने किंचाळायची! आजी काहीतरी बोलायला गेली, पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "श्वास नीट चाललाय ना? खोकत नाही ना? मग घाबरू नका, घेऊन या. काही खायला देऊ नका मात्र."

"गाडी काढ!" भिंगरीची आई ओरडली.

बाबाने दाराबाहेर बघितलं. गाडी काढलेलीच होती. चादरभर.

ज्या एका प्रसंगासाठी गाडी धडधाकट हवी म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, तो प्रसंग आला होता, आणि नेमकी त्याच घडीला गाडीची बॅटरी चादरीवर, फिल्टर खुर्चीवर आणि पाणी कपाटावर होतं. भिंगरीच्या आईला रडायला यायला लागलं. पण रडायलाही वेळ नव्हता. अनवाणी धावत तिने शेजारच्या मास्तरांचं दार वाजवलं.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. त्यांची छोटी गाडी फाटकातच उभी होती. टपावर "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" अशी हातभर पाटी आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांचा स्वतःचा ब्रेक. सगळं ऐकल्यावर मास्तरांनी किल्ली काढली आणि ती बाबाच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा. मला स्टिअरिंगची सवयच राहिली नाही हो. या बाजूला बसल्याशिवाय मला रस्ता दिसत नाही."

भिंगरीला मांडीवर आवळून आई मागे बसली, शेजारी आजी. बाबाने गाडी सुरू केली. मास्तरांनी बंद केली.

"आधी पट्टा. मग आरसे. मग क्लच."

"मास्तर, मुलीने रबर गिळलंय!"

"म्हणूनच म्हणतो. मागचा आरसा लावून घ्या. काय दिसतंय?"

"बायको दिसतेय!"

"मग बरोबर लागलाय. चला."

पहिल्याच वळणावर बाबाने वेग घेतला आणि मास्तरांनी ब्रेक मारला. पुढच्या चौकात बाबाने हॉर्न दिला आणि मास्तरांनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली. "हॉर्नने रस्ता मोकळा होत नाही. आरसा बघा. परत बघा. किती वेळा सांगायचं?" आणि खरं सांगायचं तर रस्ता हॉर्नशिवायच मोकळा होत होता. टपावरची पाटी, खाली आचके देणारी गाडी आणि आत चार घाबरलेले चेहरे हे बघून मोठमोठे ट्रकसुद्धा कडेला सरकत होते. आपल्या गाडीने गेलो असतो तरी इतक्या लवकर पोहोचलो नसतो, असं बाबाला वाटून गेलं. पण ते बोलून दाखवण्याइतका तो वेडा नव्हता.

वाटेत भिंगरीने आईच्या केसांना दोनदा हात घातला. "नको गं सोन्या," म्हणत आईने तो हात घट्ट धरून ठेवला आणि तिच्या छातीवर कान लावून श्वास मोजत बसली.

डॉक्टरबाईंना ही मंडळी नवी नव्हती. त्यांनी भिंगरीला टेबलावर बसवलं, घसा बघितला, छाती तपासली, पोट दाबलं. भिंगरीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली आणि तिने स्टेथोस्कोप चाटला.

"आता मला नीट सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते रबर केवढं होतं?"

"बांगडीएवढं," बाबा म्हणाला.

"कुणाच्या? हिच्या की आजींच्या?"

"म्हणजे... थर्मोस्टॅटएवढं."

"ते मला कसं कळणार? जाड किती? काही तसलं आहे का दाखवायला?"

"थांबा, मी दाखवते," भिंगरीची आई म्हणाली. तिचा हात आपसूक डोक्यामागे गेला. केसांचं रबर ओढून काढत तिने ते डॉक्टरबाईंच्या नाकासमोर धरलं. "हे बघा, असं! काळं. गोल. अगदी असंच होतं!"

तिचे केस खांद्यावर घसरले. बाबा दोन पावलं पुढे आला. त्याने ते रबर दोन बोटांत धरलं, फिरवलं आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या खाचेवर नख फिरवलं.

"असंच नाही," तो अगदी हळू म्हणाला. "हेच."

तिने आपल्या बोटांकडे बघितलं. ती काळी होती. याच बोटाने आपण भिंगरीची लाळ पुसली, हेही तिला तेव्हाच आठवलं. मग तिने लेकीला उचलून असं छातीशी धरलं, की हसतेय की रडतेय ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नसतं. बाबा स्टुलावर मटकन बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"पण मग केळं का नाही खाल्लं हिने?" आईने डोळे पुसत विचारलं.

आजीने पदर सारखा केला. "तेच तर मघाशी सांगत होते. तुम्ही सगळे त्या चादरीत गुंतला होतात ना, तेव्हा मी एक भरवलं होतं. तिने मागितलं म्हणून अर्धं आणखी."

बाहेर मास्तर गाडीला टेकून उभे होते.

"निघालं का?"

"सापडलं," बाबा म्हणाला.

"कुठे?"

बाबाने बायकोच्या मोकळ्या केसांकडे नुसतं बोट दाखवलं. मास्तरांनी क्षणभर विचार केला.

"तरी मी घसा फोडून सांगत होतो, मागचा आरसा बघा म्हणून!"

संध्याकाळपर्यंत रिंग धुऊन पुसून आपल्या जागी बसली. थर्मोस्टॅटही, त्याची स्प्रिंग इंजिनच्या बाजूला ठेवून, बसवला गेला. ट्रेमधले बोल्ट उलट्या क्रमाने परत गेले. एकही उरला नाही, हे बाबाने सगळ्यांना बोलावून दाखवलं. कपाटावरची बादली खाली आली, रेडिएटरमध्ये रिकामी झाली. मग सगळे गाडीत बसले आणि कुणीच रस्त्याकडे बघेना. सगळ्यांचे डोळे काट्यावर. तो हळूहळू चढला, बरोबर मधोमध आला आणि तिथेच थांबला. वेशीपर्यंत जाऊन आले तरी तो हलला नाही. परतीच्या वाटेवर भिंगरी झोपली, आणि कितीतरी दिवसांनी भिंगरीच्या आईलाही एक छोटीशी डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसमधून येताना एक पुडकं घेऊन आला आणि काही न बोलता बायकोच्या पुढ्यात ठेवलं. आत केसांची रबरं होती. सगळी भडक गुलाबी.

"हा काय रंग!" ती म्हणाली.

"बॉनेट उघडून बघून आलोय," बाबा म्हणाला. "इंजिनात या रंगाचं काहीही नाही."

तिने एक काढून केसांना लावलं. आणि उरलेली सगळी स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवली.