बाभळीला धाडलेलं मूळ

कासारखडीच्या माळावरची एक खुजबाभूळ गेल्या माघात लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या वडजीला नांदायला गेली. नवरा कडुनिंब. शाळेमागचा, उंचापुरा, बोलायला जरा कडू, पण स्थळ चांगलं होतं. खुजबाभूळ आमच्या अकरा एकर माळाखेरीज जगात कुठंच उगवत नाही, त्यामुळे मुलगी गावाबाहेर द्यायची ही आमची पहिलीच वेळ. मानपानात आम्ही बऱ्याच चुका केल्या.

तिला वाढवलं यमुनाबाई खरातांनी. तीस वर्षं माळावर शेळ्या राखल्या, पण या झुडपाला त्यांनी कधी शेळीचं तोंड लागू दिलं नाही. चैत्र उलटला तरी ती फुलली नाही, पानं गळताहेत, असा वडजीहून निरोप आला. यमुनाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत येऊन बसल्या.

"पोर झुरतीया," त्या म्हणाल्या. "मूळ धाडा."

सासरी असलेल्या मुलीला आणायला माहेरचं माणूस जातं, ते मूळ. पण झाड दुर्मिळ, तेव्हा वनखात्याची परवानगी हवी. मी ग्रामपंचायतीचा शिपाई, अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला : सदर बाभळीस मूळ धाडण्यास परवानगी मिळावी. वनपाल चितळकर साहेब शहरात वाढलेले. त्यांचं उत्तर आलं : मूळ धाडण्यास हरकत नाही. जाडी दोन बोटांहून अधिक नसावी. ओढ्याखालून न्यावे.

खाली सही होती, शिक्का होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी माळावर जाऊन तो कागद थोरल्या बाभळीला वाचून दाखवला. तिनं त्याच दुपारी मूळ धाडलं.

ते अकराव्या दिवशी वडजीला पोचलं. शाळेमागं जमिनीतून वर आलं, तेव्हा सासरच्यांनी त्याला गूळपाणी दिलं, घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली आणि सुनेची ओटी भरून तिला त्याच्याबरोबर लावून दिली. ऊन कलायच्या आत दोघं माळावर होती. यमुनाबाईंनी तिला पोटाशी धरलं. काटे टोचले असणारच, पण त्या बराच वेळ सोडायला तयार नव्हत्या, आणि मला उगीचच दुसरीकडे बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चितळकर साहेब टेप घेऊन आले. मुळाची जाडी मोजली, ती बरोबर भरली. मग ते म्हणाले, परवानगी मुळाची होती, झुडूप कसं आलं?

"साहेब," यमुनाबाई म्हणाल्या, "मूळ कधी एकटं परत आलंय का?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला, खाली 'नियमानुसार' असं लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

चौथ्या दिवशी ती फुलली. पिवळ्या गोंड्यांनी पानं दिसेनाशी झाली. यमुनाबाई त्या दिवशी तीन भाकरी जेवल्या.

पंधराव्या दिवशी कडुनिंब तिला न्यायला आला. त्याला परवानगी लागत नाही, तो कुठंही उगवतो. बाभळीनं आणखी आठ दिवस मागितले. तो बरं म्हणाला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आता पावसाळा तोंडावर आलाय. गावात त्याला घरजावई म्हणतात, पण तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण माळावर पहिल्यांदाच सावली झाली आहे.