जेलीचोर

जनावराच्या मनात काय चाललंय, हे मला त्याच्या नुसत्या पावलाच्या ठशावरून कळतं! ही बढाई नव्हे. निदान गेल्या शनिवारपर्यंत तरी नव्हती.

मे महिना लागला की आमच्या ओहायोतल्या परसात ओरिओल पक्षी येतात. नर असा भडक नारिंगी, की सफरचंदाच्या पांढऱ्या मोहरात तो लांबूनही दिसतो. त्यांच्यासाठी माझी बायको मार्लीन फांद्यांना अर्धी संत्री टोचते आणि वाटीत द्राक्षाची जेली ठेवते. पण संध्याकाळी भरलेली वाटी मी सकाळी उठून बघावी, तर चाटूनपुसून लख्ख!

"रॅकून!" मी निदान केलं. "डोळ्यांवर काळा पट्टा असलेलं जनावर. रात्री येतो. अट्टल चोर!"

एरवी मार्लीनने हसून सोडून दिलं असतं. पण शनिवारी पक्षीमंडळ आमच्याकडे यायचं होतं. मंडळ दर वसंतात एकच परस निवडतं आणि मार्लीन कित्येक वर्षं या मानाची वाट बघत होती. गेल्या वर्षी अध्यक्ष प्रिचर्डबाईंनी तो मान स्वतःलाच देऊन टाकला होता.

"ग्लेन, जेलीची चटक मोडली तर ओरिओल दुसरीकडे जातील रे," मार्लीन म्हणाली. "आणि ओरिओल दिसले नाहीत, तर ती बाई मला हसेल. तोंडाने नाही, नुसत्या भुवयांनी!"

"माझ्यावर सोड!" मी म्हणालो. हे वाक्य ऐकलं की मार्लीन देवाचं नाव घेते.

शेजारच्या ड्वेनने मला पिंजरा दिला. जनावर आत शिरलं की आपोआप दार पडणारा. देताना म्हणाला, "आत मार्शमेलो ठेव हां. मासे-बिसे ठेवू नकोस, नाहीतर भलतंच गिऱ्हाईक येईल."

ड्वेन मुळात चिक्कू माणूस. पाहुण्याला बोलवायचं आणि मार्शमेलोवर बोळवण करायची? छे! मी ट्यूनाचा अख्खा डबा आत ओतला.

शनिवारी सकाळी कॉफीचा कप घेऊन मी ऐटीत परसात गेलो. दार पडलेलं! आत काहीतरी काळंभोर. पाठीवरून पांढरा पट्टा. झुबकेदार शेपूट.

स्कंक!

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हा प्राणी चावत नाही, ओरबाडत नाही. तो फक्त पाठ वळवतो, शेपूट उचलतो आणि घाणेरड्या वासाची एक पिचकारी सोडतो. मग आठवडाभर गल्लीत कुणी खिडकी उघडत नाही!

"ग्लेन, सापडला का रे काही?" स्वयंपाकघरातून मार्लीनने विचारलं.

"नाही! म्हणजे... थोडंसं!"

ड्वेनने कुंपणावरून डोकावून बघितलं आणि तो चटकन मागे सरकला. "ट्यूना घातलास ना?"

"ते जाऊ दे! आता काय करू?"

"चादर समोर धर, हळूहळू पुढे जा आणि पिंजऱ्यावर टाक. अंधार झाला की शांत होईल. आणि बोलत राहा त्याच्याशी, म्हणजे बिथरणार नाही."

"काय बोलू?"

"मला काय विचारतोस? जनावरांचं मन तुला कळतं ना!"

दोरीवर पांढरं कापड वाळत होतं, तेच ओढलं. ते समोर धरून मी गोगलगायीच्या चालीने निघालो. स्कंकला माझ्या गुडघेदुखीचं सांगितलं, मग छपराच्या गळतीचं. शेपूट निम्मं वर आलं! मी घाईघाईने अंगाई म्हणायला लागलो. शेपूट खाली गेलं. पिंजरा झाकला. आता फक्त दार उघडायचं...

तेवढ्यात रस्त्यावर गाड्यांची दारं आपटली.

टोप्या, गळ्यात दुर्बिणी, चवड्यांवरची चाल! पक्षीमंडळ आलं. सगळे कुजबुजत बोलत होते, एवढीच देवाची कृपा. मार्लीनने वाटी ताजी भरली होती. तिचं लक्ष माझ्या कापडाकडे गेलं.

"तो माझ्या आईचा टेबलक्लॉथ आहे," ती दात आवळून म्हणाली.

"नंतर सांगतो!"

"अगंबाई, बसकं टेबल! किती गोड!" म्हणत प्रिचर्डबाईंनी आपला मफिनचा ट्रे थेट पिंजऱ्यावर ठेवला. "चालून पाय दुखले. जरा टेकते हं इथेच."

"नको!!" मी कुजबुजत किंचाळलो. "टेबल... नाजूक आहे."

आतून खरवडल्याचा आवाज आला. ट्रे हलला.

"टेबल हललं का हो?"

"जमिनीत चिचुंद्र्या फार झाल्यात."

आणि तेवढ्यात तो आला! नारिंगी, झळझळीत. संत्र्यावर बसला, मान वाकडी करून सगळ्यांकडे बघून घेतलं आणि जेलीत चोच बुडवली. मागोमाग मादीही आली. कुणी श्वास घेईना. मार्लीनचे डोळे भरून आले. प्रिचर्डबाईंच्या भुवया वर गेल्या, पण या वेळी कौतुकाने. मी मात्र पक्षी बघतच नव्हतो. ट्रेमधला एक मफिन इंच इंच काठाकडे सरकत होता. हा खाली आपटला की मार्लीनची सगळी वर्षं पाण्यात! पडता पडता मी तो हवेतच झेलला आणि तसाच हातात धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो.

निघताना प्रिचर्डबाईंनी माझा हात दाबला. "पक्ष्यांसमोर इतका स्तब्ध राहणारा माणूस मी आजवर पाहिला नाही!" मग मार्लीनकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येऊ."

मार्लीनने मला घट्ट मिठी मारली. "ग्लेन, आज तू काहीच घोळ घातला नाहीस!" आणि गुणगुणत घरात गेली.

मी लांब काठीने पिंजऱ्याचं दार उघडलं. स्कंक बाहेर आला. आळस दिला. सावकाश कुंपणाकडे निघाला. किती शहाणं जनावर! सकाळपासून नुसता कुजबुजत होतो मी, सगळी भीती छातीत कोंडली होती. ती एकदम बाहेर पडली.

"जिंकलो!!" मी ओरडलो.

स्कंक थांबला आणि त्याने पाठ वळवली.

पुढचं काय सांगू! ड्वेनने लांबूनच टोमॅटोच्या रसाचे डबे कुंपणावरून फेकले; स्कंकच्या वासावर म्हणे हाच उतारा. रसाने अंघोळ केली, तर नुसता लाल झालो, वास तसाच. टेबलक्लॉथ जमिनीत पुरला. मार्लीनने सगळ्या खिडक्या लावल्या आणि मला सफरचंदाखाली तंबू ठोकून दिला. जेवणाचं ताट ती हिरवळीच्या मध्यावर ठेवते आणि पळते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पक्ष्याच्या शिट्टीने मला जाग आली. निवृत्त झाल्यापासून मी नऊच्या आत कधी उठलेलो नाही. तंबूचा पडदा बाजूला करून बघतो, तर दोन्ही ओरिओल वाटीवर! जेली चाखत होते, भांडत होते, पुन्हा चाखत होते. बघता बघता वाटी लख्ख! म्हणजे रॅकून नाही, स्कंक नाही. ज्यांची जेली, तेच रोज माझ्या आधी उठून ती संपवत होते! नराने फांदीला चोच पुसली आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय होतं, ते मी सांगणार नाही.

मी धावत स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. "मार्लीन! मार्लीन! चोर सापडला!"

काचेपलीकडे मार्लीनने आधी नाक धरलं.

"तिथूनच सांग!"