दळवीदादांचं लायसन्स

कुणावर लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही लिहिले ते प्रयोगांचे अहवाल. पण कुकर लावण्याआधी त्याची रीतसर तपासणी करणारा माणूस मी हॅम्बर्गच्या होस्टेलात पाहिला आहे, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हे दळवीदादा. शिट्टी, रिंग, दांडा, एकेकावर बोट ठेवून मोठ्यांदा म्हणायचे, "इन ऑर्डनुंग," म्हणजे सगळं ठीक. मगच शेगडी चालू. सायकल, लिफ्ट, माझी छत्रीसुद्धा यातून सुटली नाही. जड गाडीच्या परीक्षेत निघण्याआधी अशी तपासणी करून दाखवावी लागते, तिचा हा सराव.

सावंतवाडीचे दादा वर्षभर स्वयंसेवक म्हणून आले आणि अ‍ॅम्ब्युलन्सवरचं शिक्षण घ्यायला राहिले. मोटारीचं लायसन्स होतं, पण ते साडेतीन टनांपर्यंतच. अ‍ॅम्ब्युलन्स त्याहून जड, तिला सी-वन वर्गाचं हवं. ते मिळेपर्यंत दादा मागे पेशंटजवळ. आणि शिक्षण संपेपर्यंत मिळालं नाही, तर नोकरीही नाही.

पहिल्या परीक्षेत तपासणी उत्तम झाली. मग वाटेत चर्च लागलं. आपल्याकडे देऊळ दिसलं की ड्रायव्हरचा हात स्टिअरिंग सोडून छातीशी जातो, तसा दादांचा गेला. नेमकी उजवीकडून एक सायकलवाली बाई आली. शेजारच्या शिक्षकाने ब्रेक दाबला आणि परीक्षा तिथेच संपली.

"देव कुणाचाही असो, हात जातोच रे," दादा म्हणाले. दुसऱ्या वेळी दुसरं चर्च. त्यानंतर आम्ही दोघे चर्चांसमोरून हात खिशात घालून चालायचा सराव करू लागलो.

दर रविवारी ते आईला फोन करत. बंदरावरून एका आजोबांना भर पावसात कसं आणलं, रस्ता कसा मोकळा मिळाला, सगळं सांगत. त्या हकिकतींत गाडी दादाच चालवत, आणि प्रत्येक पेशंट वेळेवर पोचे.

न राहवून मी एकदा विचारलं, खोटं का सांगता? दादा तांदूळ धूत होते. बराच वेळ धूतच राहिले.

"आईने भात सोडला होता, मला लायसन्स मिळेपर्यंत. कोकणातली बाई ती, भाकरी पचत नाही तिला. नापास झालो त्या दिवशी सांगून टाकलं, मिळालं म्हणून."

पुढे मी म्युनिकला आलो. दादांची तिसरी परीक्षा कधी आहे, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. एका दुपारी त्यांचाच फोन आला.

"पास झालो रे."

मला इतका आनंद झाला की मागचं सगळं विसरलो. आई काय म्हणाल्या, असं विचारून बसलो.



"तिला कसं सांगू? ती गेल्या वर्षीच पेढे वाटून मोकळी झाली. म्हणून तुला फोन केला."