उतरायचं कसं

मुलगा आणि सून कामावर गेले, बाहेरचं दार लागलं, तशी सिस्टरांनी जिन्याखालची सायकल ओढून बाहेर काढली. रविवारी ती भंगारात जाणार होती. आदल्या दिवशी जेवताना मुलानं जाहीर करून टाकलं होतं, "आई, आता सायकल बंद. गुडघा बदललाय तुझा, मडगार्ड नाही." सून हसली होती. सिस्टर हसल्या नव्हत्या.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. चौतीस वर्षं त्या ह्याच सायकलवरून घरोघर इंजेक्शनं टोचत आणि मलमपट्ट्या बदलत हिंडल्या होत्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. त्यांच्याबद्दल बोलणारी मात्र दोघं होती.

साडेचार महिन्यांपूर्वी डावा गुडघा बदलला. उजवा रांगेत होता. व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांना जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवायची आणि बजावायची, "रस्त्यावर अजून दीड महिना नाही हं, सिस्टर." सिस्टर मान डोलवायच्या. पेशंट मान डोलवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दाराच्या पायरीवर उभं राहून त्या सीटवर टेकल्या, पायरीला रेटा दिला आणि सायकल निघाली. गुडघा कुरकुरला नाही. तोंडावर वारा आला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांचं वय निम्मं झालं होतं. टोकाला वळताना त्यांच्या ध्यानात आलं, की बसायचं कसं याचा विचार आपण आठवडाभर केला. उतरायचं कसं याचा केलाच नाही.

जन्मभर त्या डाव्या पायावर उतरत आल्या होत्या. आता त्याच्यावर एकदम भार टाकायचा म्हणजे साडेचार महिन्यांचं केलंसवरलं मातीत. उजवा तर आधीच कामातून गेलेला. पायरी हवी होती. लाँड्रीच्या पायरीवर कुत्रं झोपलं होतं. घंटी वाजवली, तर त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला. पुढच्या पायरीवर कुंड्या. त्यापुढच्या पायरीवर पेपर वाचत बसलेली शेजारीण, म्हणजे मुलाची बिनपगारी बातमीदार. तिच्याकडे न बघता, पाठ ताठ ठेवून, सिस्टर मोठ्या रस्त्याला लागल्या.

लागल्या त्या थेट एका शववाहिनीच्या मागे. गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, मागे माना खाली घालून पाच माणसं. रस्त्याची एक बाजू खणून ठेवलेली, दुसऱ्या बाजूला ट्रकची रांग, पाठीशी बस. पुढे वाट नाही, मागे सोय नाही. आणि सायकल जितकी हळू, तितका तोल अवघड. सिस्टर झोकांड्या खाऊ लागल्या.

पाचातला एक उंच माणूस धावत मागे आला आणि त्यानं कॅरिअर धरलं.

"सांभाळा, ताई. अशा मनःस्थितीत सायकल चालवू नये."

"अहो, मला उतरता येत नाहीये!"

"कळतंय मला. आम्हालाही काही सुचत नाहीये."

"तसं नाही हो, माझा गुडघा..."

"माझी सख्खी बहीण होती ती. रडा तुम्ही. मोकळ्या व्हा."

सिस्टरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, पण ते उजव्या गुडघ्यानं आणलं होतं. कॅरिअर न सोडता त्या भल्या माणसानं त्यांना थेट दफनभूमीच्या फाटकातून आत नेलं.

गाडी थांबली. बाकीचे चौघं शवपेटीला हात घालायला वाकले. आता सायकलही थांबणार आणि आपण आडव्या होणार, हे सिस्टरांना दिसलं.

"आधी मला उतरवा!" त्या ओरडल्या.

सगळे थबकले. खड्ड्यापाशी फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसानं खिशातला कागद काढून पाहिला. "माझ्याकडे एकच लिहिलंय," तो म्हणाला.

मग चौघांनी पेटी सोडून सिस्टरांना धरलं. "हळू, हळू... पाय सांभाळा... तुमच्या बाजूनं जरा वर घ्या," असं करत त्यांना बाकावर ठेवलं. त्या तालमीमुळे पेटी उतरवताना काहीच अडचण आली नाही.

ते आटोपल्यावर त्यांतला सगळ्यात म्हातारा, गेलेल्या बाईचा नवरा, सिस्टरांसमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही हिच्या कोण?"

सिस्टर खरं तेच सांगणार होत्या. पण त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. काठावर मोजून चार माणसं, त्यातला एक घड्याळात बघतोय.

"मैत्रीण," त्या म्हणाल्या.

"हिला मैत्रीण होती?" म्हातारा म्हणाला. "मी तिला म्हणायचो, तुझ्या मयताला काळं कुत्रंही फिरकणार नाही. भांडणात बोलतो माणूस." मग त्यानं नाक पुसलं. "दोन शब्द बोला की मग. आमच्यातलं कोणी बोलेल असं वाटत नाही."

सिस्टर सायकलच्या आधारानं उभ्या राहिल्या. "फार सोसलं हिनं," त्या म्हणाल्या. कुठल्याही बाईबद्दल हे बेधडक म्हणता येतं. "पण कधी कोणाला बोलून दाखवलं नाही."

एकाला ठसका लागला. "रोज दाखवायची," उंच भाऊ पुटपुटला.

"गप रे!" म्हातारा खेकसला. "तुझ्यापेक्षा मैत्रिणीला जास्त माहीत."

परतताना म्हाताऱ्यानं सायकल हातात घेतली आणि सीटवर हात टेकून सिस्टर शेजारून चालल्या. दोघंही सावकाश. निम्म्या वाटेवर तो हँडलकडे बघत म्हणाला, "तुमच्याबद्दल ती नेहमी बोलायची."

सिस्टर थांबल्या. पेशंटच्या खोलीबाहेर नातेवाइकांशी त्या आयुष्यभर असलं बोलत आल्या होत्या. समोरच्याला सराव नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं.

"काय म्हणायची?"

"म्हणायची... भली बाई आहे. सायकलवरून येते."

"स्वभावच तसा तिचा. सगळ्यांचं चांगलं बघायचा."

"अगदी," म्हातारा म्हणाला, आणि मग मात्र त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून रुमाल काढावा लागला. सिस्टरांनी तेवढा वेळ सायकल धरली.

दारात मुलगा उभा होता. शेजारणीनं आपलं काम चोख केलं होतं.

"आई! कुठे होतीस तू? दोन हॉस्पिटलं पालथी घातली मी!"

"रागावू नका त्यांच्यावर," म्हातारा म्हणाला. "मयताला आल्या होत्या. माझी बायको गेली. ह्यांची जिवाभावाची मैत्रीण."

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं बापाच्या मयतानंतर ठेवलेला सिस्टरांना आठवत नव्हता.

"एवढी जवळची मैत्रीण होती, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस, आई?"

"अरे," सिस्टर पायरीवर बसत म्हणाल्या, "मला तरी सकाळी कुठे माहीत होतं!"