इवलीची धाप

एका जंगलात एक डोह होता, मुलांनो. डोहात झिंगे राहत. मोठे झिंगे मधल्या खडकाखाली, गार पाण्यात. लहान झिंगे काठाशी, उथळ पाण्यात. असं का, हे कोणी विचारत नसे.

वैशाखात काठचं पाणी तापलं. सगळ्यांत लहान होती इवली. तिला धाप लागली. शेजारचा पिटू एका दुपारी कलंडला, तो उठलाच नाही.

इवली खडकापाशी गेली. सरपंच दांडगोजीराव मिशा पसरून बसले होते.

"आजोबा, दुपारपुरतं आम्हाला आत बसू द्या. तापल्या पाण्यात श्वास जास्त लागतो, आणि मिळतो कमी."

"मी तुझ्या वीसपट आहे. माझे कल्ले बघ, कसे संथ चालतात. तुला एवढीशीला एवढा श्वास कशाला?"

"लहान अंगाची चूल भराभर जळते, आजोबा."

"उलट बोलू नये," सरपंच म्हणाले आणि त्यांनी वैद्य खेकडेबुवांना बोलावलं.

बुवांनी सरपंचांना खडकाखाली तपासलं, इवलीला काठावर. निदान झालं: लहानांना श्वास घेण्याची वाईट सवय आहे. उपाय म्हणून प्राणायाम शिबिर ठरलं. काठावर, भर दुपारी.

उद्घाटनाला सरपंच आले. मागोमाग सगळे मोठे आले. भाषण लांबलं. 'संयम' या शब्दापाशी सरपंचांचे कल्ले फडफडू लागले, पाय लटपटले.

"जनतेच्या काळजीनं साहेबांना भरून आलंय," बुवांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात इवली रिकाम्या खडकाखाली जाऊन बसली. गार पाणी अंगावरून गेलं. पिटूला हे पाणी कधी लागलंच नव्हतं, हे तिच्या मनात आलं. हळूहळू तिचे कल्ले मंदावले.

सरपंचांना उचलून आणलं, तेव्हा ती तिथे सापडली. बुवांनी तिचे कल्ले दोनदा मोजले.

"शिबिराला यश आलं," ते म्हणाले.

"मी शिबिरात नव्हते. मी इथे बसले होते."

"विनयही आला," सरपंच धापा टाकत म्हणाले.

इवलीला प्राणायामाची शिक्षिका नेमलं. शिक्षिकेला खडकाखाली जागा असते. पहिल्या दिवशी तिला वाटलं, काठच्या सगळ्यांना आत बोलवावं. पण आत तेवढी जागा नाही, हे आता तिलाही दिसू लागलं होतं.

मग तिने काठाकडे तोंड करून हाक दिली, "सावकाश श्वास घ्या."

तात्पर्य: संयम गार पाण्यात लवकर जमतो. म्हणून मुलांनो, आधी जागा मिळवावी. दुसऱ्यांना शिकवण्यापुरता संयम मागाहून आपोआप येतो.